पटाची वेगळी, घरची वेगळी

मित्रांनो, दोन ब्रेक असलेली गाडी तुम्ही पाहिली आहे का? मी तशी एक जुनी गाडी आहे. पांढरी मारुती आठशे, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याची. माझा एक ब्रेक चालवणाऱ्याच्या पायाशी आहे आणि दुसरा डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. माझ्या छतावर पिवळी पाटी होती. तिच्यावर 'बिसेन मोटार ड्रायव्हिंग स्कूल' असं लिहिलेलं होतं. पाटी आता काढून ठेवली आहे, पण छताचा तेवढा भाग अजून उजळ दिसतो, कारण तिथे ऊन लागलं नव्हतं.

गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देते. ही चांगल्या मनाच्या गाडीची गोष्ट नाही. आठ वर्षं मी एस्टीम नावाच्या एका लाल गाडीवर जळत होते. मागच्या महिन्यात आमच्या घरी ठरायचं होतं, की आम्हा दोघींपैकी एकीला ठेवायचं आणि एकीला घालवायचं. तेव्हा मी मनात पहिलं मागणं मागत होते, की तिला घालवा. मला ठेवा, हे मागणं त्याच्यानंतरचं होतं. असं मागू नये हे कळत होतं. तरी मागत होते.

आता पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकताना माझ्यापुढे एक पांढरी होती आणि मागेही एक पांढरीच होती. सगळ्या सारख्या होतो, त्यामुळे हेवा करावा असं तेव्हा काही नव्हतं.

दोन हजार सहा साली जागेश्वर बिसेन यांनी मला विकत घेतलं. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते. सरांनी मला आधी घरी नेलं नाही. आमच्याकडच्या गोरेगावच्या रस्त्यावर शालीकराम मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे नेलं. शालीकरामने माझ्या डाव्या बाजूला दोन जास्तीची पेडलं बसवली, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. नव्या कोऱ्या अंगाला भोकं पडली तेव्हा मला वाईट वाटलं. संध्याकाळी सरांच्या पत्नी निर्मलाबाई यांनी माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं काम सुरू झालं.

माझ्यावर किती माणसं शिकली हे मला सांगता येणार नाही. शिक्षक, तलाठी, राईस मिलवाल्यांच्या सुना, दवाखान्यातल्या नर्स, नुकतेच अठरा वर्षांचे झालेले आणि आपल्याला सगळं येतं असं समजणारे मुलगे. सुरुवात कुडव्याच्या रिकाम्या प्लॉटांमधून व्हायची. मग धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे शेतांमधून जाणारा रस्ता, आणि शेवटी गोंदियाच्या बाजाराचा रस्ता. प्रत्येक जण पहिल्या दिवशी क्लच एकदम सोडायचा आणि मी उडी मारून बंद पडायचे. मला त्याचा राग येत नसे. ते माझं कामच होतं.

गोरेगावच्या जमुनाबाई मला अजून आठवतात. अंगणवाडीत कामाला होत्या, वय पन्नासच्या जवळ. एकदा रस्त्यात कोंबडी आली आणि मी जागेवर थांबले.

"सर, ब्रेक तुमी दाबला का मी?" जमुनाबाईंनी विचारलं.

"मी," सर म्हणाले.

"मंग मले काऊन एवढा घाम आला जी?"

सर हसले नाहीत. ते हसत नसत. रागवतही नसत. डावीकडे बसून समोर बघत आणि उजवा पाय ब्रेकच्या वर, बोटभर अंतरावर धरून ठेवत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो पाय तसाच. घरी आल्यावर निर्मलाबाई त्यांच्या पोटरीला तेल लावून देत आणि म्हणत, "मोटार दुसरा चालवते अन् पाय तुमचा दुखते." माझ्या उजव्या सीटवर सर बसत ते फक्त येता-जाता, आणि तेव्हाही चाळीसच्या पुढे जात नसत. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जोरात पळताना दिसली तर लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटे.

दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. जुने विद्यार्थी भेटले की माझ्या दारावर थाप मारत आणि म्हणत, या गाडीवर जो शिकला तो कुठेही चालवेल. मी सुखात होते. सरांना माझ्याशिवाय दुसरी गाडी नव्हती. त्यांना दुसरी लागतही नाही, अशी माझी समजूत होती.

त्या समजुतीला पहिला धक्का दिला रुचीने. रुची माझ्यावरच शिकली होती आणि नागपूरला नोकरी करत होती. दिवाळीत घरी आली तेव्हा सरांना भेटायला आली आणि माझ्या बॉनेटला टेकून बोलत उभी राहिली.

"सर, तुम्ही कधी शंभरच्या वर गेले का?"

"मी? मी तं तीस वर्षांपासून लोकायले चाळीसच्या खाली आणून राहिलो."

मग रुचीने नागपूरच्या पलीकडच्या एका ट्रॅकबद्दल सांगितलं. एका मालकाने आपल्या जागेत वळणावळणाचा डांबरी रस्ता करून घेतला होता. महिन्यातून एका रविवारी फी भरून कोणीही आपली गाडी तिथे न्यायची आणि वीस-वीस मिनिटं हवी तशी चालवायची. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. हेल्मेट मात्र पाहिजेच.

"ढोरं नाही, सायकल नाही, स्पीड ब्रेकर नाही," रुची म्हणाली. "समोरून कोणी येतच नाही, सर."

 सरांनी विचारलं, "समोरून कोणीच येत नाही?"

त्या दिवसापासून त्यांना ते लागलं. सरांचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. शिकवत असताना एखादं मोकळं वळण आलं की ते मान जरा पुढे काढून बघायचे. एका दुपारी ते मला घेऊन शालीकरामकडे गेले आणि मनातलं सांगितलं. शालीकरामने कान खाजवला.

"दुसरी गाडी कायले घेता, सर? हीच आहे ना. मागची सीट काढू, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवू, चांगले टायर टाकू. वजनाले हलकी आहे. पळते तं पाहा."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं हे कसं सांगू? अकरा वर्षं मी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये घालवली होती. आता सर माझ्या उजवीकडे बसतील, समोरून कोणी येणार नाही, आणि आम्ही दोघं जाऊ, असं चित्र माझ्यासमोर उभं राहिलं.

सरांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"हिले नाही," ते म्हणाले.

"काऊन जी?"

"पटाची वेगळी, घरची वेगळी."

शालीकरामने मान हलवली. त्याला आणखी विचारायची गरज पडली नाही. आमच्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरतो, बैलजोड्या हलक्या छकड्याला जुंपून पळवतात. पटाचा बैल नांगराला कधी जुंपत नाहीत. त्याला वेगळी जागा, वेगळा खुराक, अंगाला मालिश. नांगराचा बैल राबतो, आणि त्याच्या राबण्यावर पटाचा बैल खातो. सरांचे वडील पटाचे शौकीन होते, हे मी ऐकलं होतं. तेव्हा मला सरांचं बोलणं एकाच अर्थाने कळलं. मी नांगराचा बैल होते. शोभेची, लाडाची, वेगाची गाडी दुसरी येणार होती.

मग शोध सुरू झाला, आणि तो माझ्यातच बसून झाला. रायपूरच्या एकाकडे परदेशी कंपनीची देखणी गाडी होती. सरांनी विचारलं, हिचा पार्ट गोंदियात मिळतो का? नाही मिळत, दिल्लीहून येतो. सर परत निघाले. एक डिझेल गाडी स्वस्तात मिळत होती, पण पुढून जड होती, वळणावर बाहेर फेकली जाईल म्हणून सोडली. एक जीप होती, ती उंच म्हणून सोडली. सर शालीकरामला म्हणाले, "किती पळते हे शेवटी पाहायचं. आधी थांबते किती हे पाहायचं, अन् मोडली तं आपल्या गावात सुधरते का."

अखेर देवरीला एक एस्टीम सापडली. तेंदूपत्त्याचे जुने ठेकेदार भैयाजी यांच्या वाड्यात ती सहा वर्षांपासून ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत.

"गाडी लय गुणाची आहे, सर," भैयाजी म्हणाले. "सहा वर्षांत कोणाले काही तरास नाही."

"उभ्या गाडीनं कायचा तरास द्याव जी?" सर म्हणाले.

ताडपत्री ओढली तेव्हा आत लाल रंग होता. धूळ होती, कोंबड्यांची घाण होती, पण रंग लाल होता. सर खाली बसले, तिच्या चाकांजवळचा पत्रा बोटाने ठोकून पाहिला, गंज कुठे आहे ते पाहिलं, इंजिनाचं तेल बोटावर घेऊन वास घेतला. माझं तेल त्यांनी कधी हुंगलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं पाहत होते.

तिच्यासाठी पैसा कुठून आला, तेही सांगते. सरांनी पहाटे साडेपाचची आणखी एक तुकडी सुरू केली. दोन वर्षं मी सूर्य उगवायच्या आधी कामाला लागत होते. माझी क्लचप्लेट झिजायची आणि तिकडे तिचे टायर यायचे. माझ्या सीटचं कव्हर फाटलं, ते सुतळीने शिवलं. तिच्यासाठी नवं हेल्मेट आलं, खांद्यावरून बांधायचे पट्टे आले, पिंजरा आला. शालीकरामने तिच्या सगळ्या सीटा काढून टाकल्या, एकच ठेवली, उजवीकडची. अंगणात पत्र्याचं एकच शेड होतं. ते तिला मिळालं. मी बाहेर उन्हात.

निर्मलाबाईंनाही ती आवडत नव्हती, हा माझा थोडा आधार होता.

"घरात बाई आहे, तिले कधी फिरवलं नाही," त्या म्हणाल्या, "अन् मोटारीले फिरवाले नागपूरले घेऊन चालले."

"चाल ना मंग तूही," सर म्हणाले.

"कुठी बसू? सीट तं काढून टाकली तुमी."

पहिल्या ट्रॅकच्या दिवशी मलाही नेण्यात आलं. मला आशा वाटली. पण शालीकरामने माझी मागची सीट आडवी केली आणि तिचे चार टायर माझ्यात भरले. जॅक, पाने, तेलाचे डबे, भाकरीचा डबा, सगळं माझ्यात. सर लाल गाडीत एकटे पुढे, आणि मी शालीकरामच्या हातात, तिचं सामान घेऊन मागे मागे, गोंदियापासून नागपूरच्या पलीकडेपर्यंत.

ट्रॅकवर पोहोचल्यावर सरांची पाळी आली. ते तिच्याजवळ गेले आणि सवयीने डावीकडचं दार उघडून वाकले. तिथे बसायला काही नव्हतं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग दार लावून फिरून उजवीकडे गेले. मला बरं वाटलं. निदान त्यांच्या शरीराला माझी सवय होती.

पहिल्या फेरीत ते सगळ्यांत मागे होते. आणि प्रत्येक वळणावर इंडिकेटर देत होते. डावं वळण आलं की डावा, उजवं आलं की उजवा, वळण संपलं की बंद. काठावर उभे असलेले लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग हसायला लागले. वीस मिनिटं संपून सर आत आले तेव्हा ट्रॅकचा माणूस खिडकीशी वाकून म्हणाला, "सर, पीछे कोई नहीं था. इंडिकेटर किसको दे रहे थे?"

"सवय आहे जी," सर म्हणाले.

दुसऱ्या वेळी ते आत गेले तेव्हाही इंडिकेटर देत होते, पण कमी. तिसऱ्या वेळी विसरले. मी तारेच्या कुंपणाजवळ उभी होते. लाल गाडी समोरच्या लांब रस्त्यावरून आली, तिचा आवाज चढत गेला, तिची काच खाली होती, आणि त्या आवाजातून मला दुसरा एक आवाज ऐकू आला. सर हसत होते. मोठ्याने, तोंड उघडून, एकटेच.

तेरा वर्षं मी त्यांना रोज वाहून नेलं होतं. मला तो आवाज ओळखायलाही वेळ लागला.

मित्रांनो, खरा हेवा त्या दिवशी सुरू झाला. शेड, टायर, रंग, हे सगळं मी सोडून दिलं असतं. हसू सोडता येईना.

पुढची वर्षं तशीच गेली. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही जायचो. मी सामान न्यायचे, भाकरीचा डबा न्यायचे, कुंपणाजवळ उभी राहायचे. एकदा तिच्या ब्रेकमधून वास आला, एकदा ती वळणावरून घसरून मातीत गेली आणि तिचा पुढचा पत्रा चेपला. मला आनंद झाला. सर खाली उतरले, पत्र्याकडे पाहिलं आणि "चालते" म्हणाले. माझ्यावर एखाद्या मुलाने ओरखडा काढला तर त्यांचा चेहरा उतरायचा. हा फरक मी तेव्हा लक्षात घेतला नाही. जळणाऱ्याला आपल्या सोयीचंच दिसतं.

एका हिवाळ्यात माझी बॅटरी गेली. दुसऱ्याच दिवशी माझ्यावर शिकलेल्या चौघांची लायसन्सची परीक्षा होती. सर शेडमध्ये गेले, लाल गाडीचं बॉनेट उघडलं, तिची नवी बॅटरी काढली आणि माझ्यात बसवली. ती दोन महिने बॅटरीशिवाय उभी राहिली. तिचे ट्रॅकचे दोन रविवार गेले. आणि मी काय समजले? तिची वापरलेली वस्तू मला दिली, असं समजले.

या वर्षीच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, सरांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांची मुलगी डिंपल त्या दिवशी घरी होती. डिंपल भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवते. तीही अठराव्या वर्षी माझ्यावरच शिकली होती. लाल गाडीत दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नव्हती, म्हणून मला अंगणातून काढलं. डिंपल म्हणाली, मागे आडवे व्हा. सरांनी ऐकलं नाही.

"समोर बसतो, बेटा," ते म्हणाले आणि डावीकडे बसले. निर्मलाबाई मागे.

डिंपलने मला दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात नेलं. बाजाराच्या रस्त्यावर गर्दी होती. एक हातगाडी आडवी आली. सरांचा पाय ब्रेकच्या वर, बोटभर अंतरावर होता, नेहमीसारखा. तो खाली येईल म्हणून मी तयार होते. डिंपलने हातगाडी चुकवली. पुढे एक ऑटो एकदम थांबला, तोही तिने चुकवला. आणि मग सरांनी पाय हळूच मागे घेतला आणि सीटखाली ठेवला.

"चालव," ते म्हणाले.

त्या रस्त्यावर मी तेवढी जोरात कधी गेले नव्हते. दवाखाना आला. सर आणखी तीन दिवस होते. त्यानंतर नव्हते.

तो विश्वास माझ्यावर नव्हता, डिंपलवर होता. हे मला कळतं. पण तो माझ्या आत घडला, आणि ते मी कोणाला देणार नाही.

तेरवी झाली. ठरलं असं की निर्मलाबाईंनी डिंपलजवळ भंडाऱ्याला राहायचं आणि कुडव्याचं घर भाड्याने द्यायचं. डिंपलच्या इमारतीत एकच गाडी ठेवायची जागा होती. एका सकाळी शालीकराम आला. तिघं ओसरीवर चहा घेत बसले होते आणि आम्ही दोघी समोर अंगणात.

"ताई, खरं सांगू का?" शालीकराम म्हणाला. "लालले ठेवा. तिच्या सीटा मी परत बसवून देतो. पांढरीचं काही राहिलं नाही आता, भंगारवाला घेऊन जाईल. लाल म्हणजे सरांचा जीव होता."

"तिच्यापायी तं नागपूरचे रस्ते झिजवले," निर्मलाबाई म्हणाल्या.

मी वाट पाहत होते. शालीकराम म्हणाला ते मला पटत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

डिंपलने कप खाली ठेवला. "काका, बाबूजींनी पांढरीले ट्रॅकवर काऊन उतरवली नाही, तुमाले माहीत आहे?"

"पटाची वेगळी, घरची वेगळी, असं म्हणाले होते."

"ते कुठून आलं, हे सांगितलं होतं?"

शालीकरामने मान हलवली. ते त्याला माहीत नव्हतं. मग डिंपलने सांगितलं. सर दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांच्या पटाच्या जोडीतला एक बैल ऐन पटाच्या आदल्या दिवशी लंगडला. गावोगावी नाव झालेलं, मागे कसं हटायचं? म्हणून त्यांनी घरचा, नांगराचा तांबडा बैल छकड्याला जुंपला. तो बैल पळाला. सांगितलं ते करायचं, एवढंच त्याला माहीत होतं. शेवटी त्याला थांबता आलं नाही. पडला आणि पाय मोडला. त्या वर्षी त्यांच्या बांधीत रोवणी शेजाऱ्याच्या बैलांवर झाली, तीही सगळ्यांची झाल्यावर. घरात खायला पुरलं नाही.

"बाबूजी म्हणायचे," डिंपल म्हणाली, "पटाचा बैल गेला असता तर आजोबा रडले असते. घरचा गेला, तर अख्खं घर रडलं. जे मोडलं तरी आपल्याले घरी येता येते, तेच पटात उतरवायचं. मीच एकदा रागानं विचारलं होतं, एवढा खर्च काऊन करता, घरची गाडी आहे ना. तेव्हा म्हणाले, ती मोडली तर परत कशानं येऊ?"



"म्हणजे लाल त्यायले आवडत नव्हती?" शालीकरामने विचारलं.

"आवडत होती. मोडली तरी चालेल, एवढी."

मित्रांनो, इथे माझा जळफळाट संपला असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण मी डिंपलपेक्षा जास्त पाहिलं होतं. मोडली तरी चालेल म्हणून घेतलेली ती गाडी पुढे सरांना तशी राहिली नव्हती. कुंपणाजवळून मी ते हसू ऐकलं होतं. मी घरची होते, जपलेली होते, हे मला त्या सकाळी कळलं आणि माझ्या जुन्या पत्र्यात ऊब आली. तरी जपणं आणि हसणं, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि मला त्यातली एकच मिळाली होती.

लाल गाडी रुचीने घेतली. माझ्यावर शिकली आणि तिला घेऊन गेली, हेही मी मनात नोंदवलं. एका रविवारी ती मोठं वाहन घेऊन आली. लाल गाडी फळ्यांवरून वर चढली. शालीकरामने पट्टे आवळले. डिंपल किल्ली हातात धरून उभी होती.

"सर गेल्यावर ट्रॅकवर चुकल्यासारखं वाटते," रुची म्हणाली. "ते यायचे तर आधी त्यांचं हसणं ऐकू यायचं, मग गाडी दिसायची."

डिंपलने तिच्याकडे पाहिलं. "बाबूजी हसायचे?"

"म्हणजे काय, ताई. जोरात. काच खाली ठेवायचे ना."

"कसे हसायचे?"

रुचीला ते सांगता येईना. तिने हात हलवले, तोंड उघडलं, मग थांबली. "तुम्ही एकदा यायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

डिंपलने किल्ली दिली. वाहन फाटकातून बाहेर पडलं आणि गोरेगावच्या बाजूला वळलं. मग डिंपल येऊन माझ्या उजव्या सीटवर बसली. स्टिअरिंगला हात लावला नाही.

शालीकराम खिडकीशी आला. "चालू होत नाही का, ताई?"

"होते, काका. बसली आहे नुसती."

त्या वेळी मला कळलं की अंगणात जळणारी मी एकटी नव्हते. आम्हा दोघींना डावीकडे बसणारे, न हसणारे, ब्रेकवर पाय धरून ठेवणारे सर माहीत होते. उरलेले सर फळ्यांवर चढून निघून गेले होते.

आता मी भंडाऱ्याला असते. सकाळी डिंपलला कॉलेजात सोडते. संध्याकाळी निर्मलाबाईंना भाजीला नेते, आणि त्या ब्रेकच्या पेडलावर पाय पडू नये म्हणून पाय पोटाशी घेऊन बसतात.

मित्रांनो, गाडी धुवा, हवा बघा, तेल वेळेवर बदला, हे मी तुम्हाला सांगणार नाही. त्यासाठी मिस्त्री असतात. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरी कोणी तरी असं असेल, की जे वर्षानुवर्षं तुमच्या बाजूला बसून तुमच्यासाठी ब्रेक सांभाळतं. त्यांनी तुम्हाला जपलं, हे विसरू नकाच. पण एकदा त्यांना विचारा, की तुम्हाला कुठे जावंसं वाटतं? डिंपलने ते कधी विचारलं नाही, निर्मलाबाईंनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, ते आमच्याबरोबर आहेत म्हणजे तिथेच त्यांना असायचं आहे.

त्या लाल गाडीने विचारलं. म्हणून ती मला अजूनही आवडत नाही.